सर्वांत वाईट दिवसाचा हिशेब

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात आणि ते खरेही आहे. एकाच पातेल्यातील सारी शिते सारखीच शिजतात. म्हणून भात शिजला की नाही, हे एका शितावरून कळते. परंतु भातात खडा आहे की नाही, हे शितावरून कळत नाही. ते कळते दाताखाली खडा आल्यावर. बाकीची हजार शिते मऊ होती, असे सांगून दुखावलेल्या दाताचे समाधान होत नाही.

आपण श्वासावाटे घेतो त्या हवेची परीक्षा आज शितावरून चालली आहे, ही माझी तक्रार आहे. वर्षअखेरीस सरासरी काढली जाते, ती मागील वर्षाच्या सरासरीशी ताडून पाहिली जाते, आकडा थोडा खाली आला की प्रशासन समाधान व्यक्त करते आणि आपणही वर्तमानपत्राची घडी घालून ठेवतो. खड्याचा शोध कोणी घेत नाही. दम्याने आधीच बेजार झालेले मूल आणि अंथरुणाला खिळलेली वृद्ध माउली मात्र त्या एका खड्याच्या दिवशी कोलमडतात.

हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे. त्याला इतिहासाचा आधार आहे. १९५२ सालच्या डिसेंबरची ५ तारीख. लंडन शहरात कडाक्याची थंडी होती, वारा पडला होता आणि घरोघरच्या शेगड्यांत कोळसा जळत होता. जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवेचा थर, अशी उलटी रचना झाली की धुराला वर जायला वाट राहत नाही. पातेल्यावर झाकण ठेवावे तसे होते. ते झाकण ९ तारखेपर्यंत उठले नाही. भर दिवसा बसगाड्यांच्या पुढे माणसे मशाली घेऊन चालत होती. त्या दिवसांत नेहमीपेक्षा सुमारे ४,००० माणसे अधिक मेली, असा पहिला हिशेब निघाला. त्यानंतरच्या महिन्यांतही मृत्यू चढेच राहिले. त्यांचा दोष सरकारने इन्फ्लुएन्झाच्या साथीवर ठेवला. २००१ मध्ये मिशेल बेल आणि डेव्हरा डेव्हिस ह्या दोन संशोधक महिलांनी फेब्रुवारी १९५३ पर्यंतचे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा ही संख्या १२,००० च्या घरात गेली.

पाच दिवस! वर्षाच्या ३६५ दिवसांत पाच दिवस म्हणजे दीड टक्काही नव्हे. हा टक्का वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण आता मी आपल्या देशाच्या नियमाकडे वळतो.

१८ नोव्हेंबर २००९ रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हवेच्या गुणवत्तेची राष्ट्रीय मानके अधिसूचित केली. फुप्फुसांत खोलवर शिरणारे जे सूक्ष्म कण पीएम २.५ ह्या नावाने ओळखले जातात, त्यांच्यासाठी वार्षिक सरासरीची मर्यादा दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आणि २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम ठरली. त्याखाली एक टीप आहे. २४ तासांची मर्यादा वर्षातील ९८ टक्के वेळ पाळली जावी; उरलेल्या दोन टक्के वेळी ती ओलांडली गेली तरी चालेल, मात्र मापनाच्या लागोपाठच्या दोन दिवशी तसे होऊ नये.

आता एक कल्पित शहर घेऊ. वर्षाचे ३६० दिवस तेथे ३० मायक्रोग्रॅम प्रदूषण आहे. उरलेल्या पाच दिवशी ते ६०० वर जाते, म्हणजे मर्यादेच्या दसपट. सरासरी काढा. तीनशे साठ गुणिले तीस म्हणजे १०,८००, पाच गुणिले सहाशे म्हणजे ३,०००, बेरीज १३,८००. तिला ३६५ ने भागा. उत्तर येते ३७.८. वार्षिक मर्यादा ४० ची, तेव्हा शहर उत्तीर्ण! मर्यादा ओलांडणारे दिवस पाच, म्हणजे दोन टक्क्यांहून कमी, येथेही उत्तीर्ण! हे पाच दिवस वर्षभर विखुरलेले असतील, तर ह्या शहराला कागदावर बोट लावायला जागा नाही. पाच दिवस लागोपाठ आले तरच नियम मोडतो. मग काय होते? तीच टीप सांगते की, लागोपाठच्या दोन मापन-दिवशी मर्यादा ओलांडली गेल्यास नियमित वा अखंड मापन सुरू करण्यास आणि पुढील तपास करण्यास ते पुरेसे कारण समजावे. ज्याचा श्वास त्या पाच दिवसांत थांबला, त्याला ह्या तपासाचा काय उपयोग?

एवढ्यावर भागत नाही. वार्षिक सरासरीसाठी आठवड्यातून दोनदा, वर्षाकाठी किमान १०४ वेळा मापन केले म्हणजे नियमाची पूर्तता होते. देशात हाताने नमुने घेणारी केंद्रे अशीच चालतात. १०४ दिवस मोजले म्हणजे २६१ दिवस मोजले नाहीत. वर्षातील सर्वांत वाईट दिवस नेमका मोजल्या गेलेल्या दिवसांत सापडण्याचा संभव शंभरांत सुमारे २८. चारांतील जवळजवळ तीन वेळा तो दिवस मापकाच्या पाठीमागून निघून जातो. आणि जेथे मापनच आठवड्यातून दोनदा होते, तेथे लागोपाठचे दोन मापन-दिवस तीन-चार दिवसांच्या अंतराने येतात. मधल्या रात्री कोणाला धाप लागली, ह्याची नोंद कोठे होणार?

आणखी एक पडदा आहे. २०१५ मध्ये देशभर हवा गुणवत्ता निर्देशांक सुरू झाला. सामान्य माणसाला समजेल असा एक आकडा आणि एक रंग त्याने दिला, हे चांगलेच झाले. परंतु ह्या निर्देशांकाची पट्टी ५०० वर संपते. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीचा दिवसभराचा निर्देशांक ४९० च्या वर गेला आणि काही केंद्रांवर तो ५०० ला जाऊन थबकला. तापमापीची पट्टी १०४ अंशांवर संपवली, तर रोग्याचा ताप १०४ च्या वर जात नाही असे म्हणता येईल. वैद्यबुवा खूश होतील, रोगी वाचणार नाही. ज्या दिवशी आपल्याला आकड्याची सर्वाधिक गरज असते, त्याच दिवशी आपण पट्टीचे टोक कापून ठेवले आहे.

येथे कोणी म्हणेल, 'फादर, हा गणिताचा प्रांत आहे, तुम्ही वेदीजवळच बरे.' मी गणिती नाही, हे मान्य आहे. परंतु सेमिनरीत आम्हांला तर्कशास्त्र शिकविले गेले आणि त्यात एक दोष पाठ करून घेतला गेला: समूहाविषयी जे खरे, ते प्रत्येक घटकाविषयीही खरे मानू नये. वर्ष बरे गेले, म्हणून वर्षातील प्रत्येक दिवस बरा गेला, हे अनुमान त्याच दोषात बसते. शिवाय गणितज्ञांनी स्वतःच ह्या प्रश्नासाठी एक स्वतंत्र शास्त्र उभे केले आहे. ते शास्त्र सरासरी बाजूला ठेवते आणि टोकाच्या घटनांचीच मोजणी करते.

ह्या शास्त्राचा एक धागा अक्षरशः सुतातून आला. इंग्लंडमधील कापूस उद्योगाच्या संशोधन संस्थेत टिपेट नावाचे संख्याशास्त्रज्ञ काम करीत. सूत किती ताण सोसते, हा त्यांच्या संस्थेपुढचा प्रश्न. सूत तुटते ते त्याच्या सर्वांत कच्च्या जागी. सरासरी मजबुतीला तेथे कोणी विचारीत नाही. १९२८ मध्ये टिपेट आणि फिशर ह्यांनी दाखवून दिले की, पुष्कळ मापांतील सर्वांत मोठे किंवा सर्वांत लहान माप वेगळे काढीत गेले, तर त्या टोकाच्या मापांनाही त्यांचे स्वतःचे नियम असतात आणि ते मोजक्या तीन प्रकारांत बसतात. एका प्रकारात टोकाला निश्चित मर्यादा असते. दुसऱ्यात मोठ्या घटना झपाट्याने विरळ होत जातात. तिसऱ्यात त्या इतक्या सावकाश विरळ होतात की, आजवर पाहिलेल्या उच्चांकाहून कितीतरी मोठा उच्चांक उद्या येऊ शकतो. आपल्या शहराची हवा ह्यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते, हा जीवनमरणाचा प्रश्न आहे आणि वार्षिक सरासरी त्याविषयी मौन पाळते.

ह्या शास्त्रावर १९५८ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला तो एमिल गुंबेल ह्यांनी. हा माणूस केवळ आकडेमोड करणारा नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत राजकीय खुनांचे सत्र चालले होते, तेव्हा त्याने त्या खुनांची मोजदाद केली आणि १९२२ मध्ये ती प्रसिद्ध केली: उजव्या गटांनी केलेले ३५४ खून, डाव्यांनी केलेले २२, आणि न्यायालयांनी पहिल्यांना किती सौम्य व दुसऱ्यांना किती कठोर शिक्षा दिल्या, त्याचाही तक्ता. ह्या मोजणीचे मोल त्याला चुकवावे लागले. १९३२ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठातील जागा गेली, पुढे देश गेला. सत्तेला ज्याची मोजणी नको असते तेच मोजावे, ही त्याची वृत्ती. टोकाच्या घटनांचे गणित अशा माणसाच्या हातून वाढले, ह्यात मला मोठा अर्थ दिसतो.

ह्या गणिताची पद्धत ढोबळमानाने अशी. दरवर्षीचा उच्चांक घ्यावा, किंवा एक धोक्याची रेषा ठरवून तिच्या वर गेलेले सर्व दिवस घ्यावेत. ते किती वेळा आले, रेषेच्या किती वर गेले, एकटे आले की घोळक्याने आले, हे पाहावे. त्यावरून प्रतिरूप तयार करावे आणि विचारावे: दहा वर्षांतून एकदा, शंभर वर्षांतून एकदा ओलांडली जाईल अशी पातळी कोणती? ह्या 'शंभर वर्षां'विषयी मोठा गैरसमज आहे. एकदा संकट आले की आता शंभर वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी शंभरांत एक संभव, एवढाच त्याचा अर्थ. आणि दरवर्षी शंभरांत एक म्हटले, तर सत्तर वर्षे जगणाऱ्या माणसाला ते संकट एकदा तरी भेटण्याचा संभव शंभरांत पन्नास होतो. नाणे उडवावे तसे.

१९८९ मध्ये रिचर्ड स्मिथ ह्यांनी अमेरिकेतील ह्यूस्टन शहराच्या ओझोन वायूचे आकडे ह्याच पद्धतीने तपासले. एकंदर पातळीत काही कल दिसत नव्हता. टोकाच्या मूल्यांत मात्र स्पष्ट घट झाली होती. सरासरी आणि टोक एकमेकांचा हात धरून चालतीलच असे नाही, हा त्यातील धडा. ह्यूस्टनमध्ये तो शुभ दिशेने दिसला. अशुभ दिशेनेही दिसू शकेल: सरासरी उतरत जाईल आणि वाईट दिवस होता तेथेच राहील. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाने आपले उद्दिष्ट वार्षिक सरासरीतील घटीच्या भाषेत मांडले. त्या उद्दिष्टाशी माझे भांडण नाही. पण त्याच्या शेजारी दुसरा रकाना का नाही, हे मला विचारायचे आहे.

आपल्या वाचकांना परिचित असलेली दोन नावे ह्या शास्त्रातही आहेत. १९६८ मध्ये मांडेलब्रो आणि वॉलिस ह्यांनी नद्यांच्या पाण्याचा अभ्यास करताना दोन परिणामांना नावे दिली: एक नोहाचा आणि दुसरा योसेफाचा. नोहाचा परिणाम म्हणजे एकाएकी कोसळणारे अतोनात संकट. योसेफाचा परिणाम म्हणजे सारख्या दिवसांचे लांबत जाणे. सुकाळामागून सुकाळ, दुष्काळामागून दुष्काळ. दूषित हवेला हे दोन्ही लागू पडतात. दिवाळीच्या रात्रीचा फटाक्यांचा लोट पहिल्या जातीचा. आठ-आठ दिवस न उठणारे हिवाळी झाकण दुसऱ्या जातीचे. मिसर देशातील सुकाळाच्या आणि दुष्काळाच्या मिळून चौदा वर्षांची सरासरी योसेफाने काढली असती, तर धान्य पुरेसे आहे असे उत्तर आले असते आणि कोठारे बांधण्याचे कारणच उरले नसते. सरासरी खाऊन दुष्काळाचे सातवे वर्ष निघत नाही. त्याने वाईट वर्षांचा हिशेब केला आणि भरल्या वर्षांतच पिकाचा पाचवा हिस्सा बाजूला काढविला.

असा हिशेब राष्ट्रे करू शकतात, हेही सिद्ध झाले आहे. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्राचे पाणी हॉलंडचे बांध फोडून आत शिरले आणि त्या देशात १,८३६ माणसे गेली. त्यानंतर डच सरकारने समिती नेमली, गणितज्ञ व्हान डान्ट्झिग ह्यांना कामाला लावले आणि देशाच्या मध्यभागासाठी बांधांची उंची अशी ठरविली की, पाणी त्यावरून जाण्याचा संभव वर्षाला दहा हजारांत एक राहावा. समुद्राची सरासरी उंची किती, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. सरासरी समुद्र कोणालाच बुडवीत नाही.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, दीर्घकाळ थोडी थोडी दूषित हवा घेतल्यानेही माणसे मरतात, म्हणून सरासरीच महत्त्वाची. ह्यातील पूर्वार्ध सत्य आहे आणि मी तो मान्य करतो. मंद विष हेही विषच. परंतु मंद विष मोजतो म्हणून तीव्र विष मोजायचे नाही, हे कोणते न्यायशास्त्र? दोन प्रश्न आहेत, तर दोन उत्तरे द्यावीत.

दुसरा आक्षेप निसर्गाचा. वारा पडला, थंडी वाढली, त्याला पालिका काय करणार? झाकण निसर्गाचे आहे, हे खरे. पातेल्यातील धूर आपला आहे. लंडनला १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. १९६२ च्या डिसेंबरात तसेच धुके पुन्हा कोंडले. तोवर धूर कमी झाला होता आणि मृत्यूही १९५२ च्या मानाने पुष्कळच कमी झाले. आकाश तेच होते. शेगड्या बदलल्या होत्या.

तिसरा आक्षेप जाणकारांचा आहे आणि तो वजनदार आहे. थोड्या वर्षांच्या आकड्यांवरून शंभर वर्षांचे टोक सांगणे म्हणजे अंधारात पाऊल टाकणे. शिवाय वाहने, कारखाने, हवामान सारे बदलते आहे, मग कालचे प्रतिरूप उद्याला कसे लागू पडावे? खरे आहे. ह्या गणिताची उत्तरे रुंद पट्ट्यात येतात आणि प्रामाणिक गणितज्ञ तो पट्टा लपवीत नाही. पण मोजणे सोडून दिल्याने अनिश्चितता कमी होत नाही. ती फक्त नजरेआड होते. पूर नेमका किती चढेल हे ठाऊक नाही म्हणून कोणी बांधच न घालण्याचा शहाणपणा करीत नाही.

आणि तयारी नसली म्हणजे काय होते, ते आपण पाहिलेच आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये दिल्लीच्या शाळा तीन दिवस बंद ठेवाव्या लागल्या. डिसेंबर २०१७ मध्ये फिरोजशहा कोटला मैदानावर श्रीलंकेचे खेळाडू तोंडाला पट्ट्या बांधून कसोटी खेळले. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार. २०२२ पासून दिल्ली परिसरात हवेच्या पूर्वानुमानावरून आधीच निर्बंध लावण्याची तरतूद झाली, हे योग्य पाऊल. पण ते काही दिवस आधीचे आहे. योसेफाने सात वर्षे आधी कोठारे बांधायला घेतली होती.

दिल्ली दूर आहे, आपल्याला समुद्राचा वारा आहे, असे म्हणून मुंबई-वसईकडच्या आपण माणसांनी निर्धास्त राहू नये. हिवाळ्यात हा वारा उशिरा उठतो, मंदावतो आणि मग बांधकामांची धूळ व गाड्यांचा धूर येथेही कोंडतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला शहराच्या हवेची स्वतःहून दखल घ्यावी लागली. २६ जुलै २००५ ची आठवण आपल्या घराघरांत आहे. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईच्या पावसाची सरासरी त्या दिवशी कोणाच्या उपयोगी पडली?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक शहराने वार्षिक सरासरीशेजारी वर्षाचा उच्चांक छापावा. मर्यादा ओलांडणारे दिवस किती आणि सलग किती, हे सांगावे. निर्देशांकाची पट्टी ५०० वर तोडू नये. मापन रोज व्हावे. दहा वर्षांतून एकदा येणारा वाईट दिवस किती वाईट असेल, ह्याचा अंदाज त्याच्या रुंद पट्ट्यासह प्रसिद्ध करावा आणि रुग्णालये, शाळा, वृद्धाश्रम ह्यांची तयारी त्या दिवसाच्या मापाने करावी. ह्यासाठी लागणारे गणित गेल्या शतकापासून उपलब्ध आहे. इच्छा हवी.

आणि दुसऱ्याकडे बोट दाखविताना आपल्या अंगणाकडेही पाहावे. वर्षअखेरीच्या रात्री आपल्या वाड्यावाड्यांत 'म्हातारा' जाळण्याची चाल आहे. पूर्वी त्यात पेंढा आणि जुनी कापडे असत. आता काही ठिकाणी टायर आणि फटाके असतात. ती रात्र ऐन हिवाळ्यातील, बहुधा वारा पडलेली. 'एका रात्रीने काय होते?' असे आपण म्हणतो, तेव्हा आपणही सरासरीचाच आश्रय घेतो. शेजारच्या घरात एखादा खरा म्हातारा उशाला उशी लावून बसल्या बसल्या श्वास ओढीत असतो. त्याच्यासाठी ती एक रात्र वर्षाच्या सरासरीत विरघळत नाही.

सूत कच्च्या जागी तुटते, तसा समाजही. सर्वांत वाईट दिवशी सर्वांत दुबळ्या फुप्फुसाला श्वास घेता आला की नाही, हा हवेचा खरा हिशेब आहे. तो हिशेब मागणे हा आपला हक्क आहे, आणि तो न मागणे हा आपला दोष आहे. येत्या हिवाळ्यात आपले नगरसेवक दारी आले, तर त्यांना सरासरी विचारू नका. 'सर्वांत वाईट दिवस कोणता होता, आणि त्या दिवशी तुम्ही काय केले?' एवढेच विचारा.